आईला कसे भेटावे

शालिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ठाण्याला टेंभी नाक्यावरच्या आमच्या खोलीत तांदूळ निवडत बसले होते. तिच्या यजमानांच्या कचेरीतले एक गृहस्थ दाराशी आले आणि चपला न काढताच म्हणाले, "डोंबिवलीच्या शालिनीबाई पहाटे गेल्या. तुम्हाला लगेच बोलावलंय." मी "बरं" म्हटलं. ते गेले तरी माझे हात आपले खडे वेचतच होते. मग एकदम सूप बाजूला सारलं, पातळ बदललं, शेजारणीकडे किल्ली दिली आणि निघाले. वाटेत एकच गोष्ट मनात येत होती. ज्या रोगाला ते घर इतकी वर्षं भीत राहिलं, त्या रोगाने शालिनी गेली नव्हती. सर्दीचा ताप आला, त्याचा न्युमोनिया झाला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं. क्षय तिला केव्हाच सोडून गेला होता. घरातून मात्र तो गेला नव्हता...

आमची ओळख डोंबिवलीची. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दोघी एकाच कौलारू चाळीत शेजारी-शेजारी राहायला आलो. तेव्हा डोंबिवली म्हणजे चार-दोन चाळी, विहिरी आणि भोवती भातखाचरं. मुंबईत जागा परवडत नाही म्हणून आलेली आमच्यासारखी कुटुंबं. दिवे रॉकेलचे, पाणी विहिरीचं. शालिनी मूळची रत्नागिरीकडची. व्हर्नाक्युलर फायनल झालेली, शिक्षिका व्हायचं तिच्या मनात होतं, पण लग्न ठरलं आणि ते राहिलं. तिचे यजमान गोविंदराव मुंबईच्या एका कचेरीत कारकून होते. मवाळ, मितभाषी माणूस. मुलगी कुंदा तेव्हा पाच वर्षांची आणि बाळू नुकता पावलं टाकू लागलेला. मला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दुपारी कामं आटोपली की मी तिच्या पडवीत जाऊन बसत असे आणि तिथेच मी तिचं शिकवणं पाहिलं.

कुंदा शाळेत जाण्याआधीच तिने तिला लिहायला शिकवलं होतं, आणि तेही बाराखडी घोकून नव्हे. अक्षरं जुळायला लागली तशी ती म्हणाली, "कुंदे, मला चहा करता येत नाही असं समज. कसा करायचा ते पाटीवर लिहून दे." कुंदाने जीभ बाहेर काढून मोठ्या कष्टाने लिहिलं, 'भांडे ठेवा. साखर टाका. चहा टाका. गाळा. प्या.' शालिनीने पाटी समोर धरली, शेगडीवर रिकामं भांडं ठेवलं आणि त्यात साखर टाकायला चमचा उचलला. "अगं आई, पाणी!" कुंदा ओरडली. "पाणी? कुठे लिहिलंयस?" शालिनीने पाटी उलटसुलट करून पाहिली. कुंदा हसून लोळायला लागली. मग पाणी लिहिलं गेलं, मग दूध आठवलं, मग भांडं उतरवायचं फडकं... तो चहा व्हायला सारी दुपार गेली, आणि मला तर तो तिने गार झालेलाच पाजला, कारण 'गरम असताना प्या' असं कुंदाने लिहिलं नव्हतं.

मग रोज काही ना काही. वेणी कशी घालावी, विहिरीत पडलेली कळशी कशी काढावी, कागदाची होडी कशी करावी. वेणीचं लिहिताना कुंदाने 'असे करत राहा' इथेच थांबवलं होतं. शालिनी तिच्या केसांची टोकं संपल्यावर हवेतच बोटं फिरवत राहिली, आणि चाळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाळू जरा मोठा झाल्यावर त्यालाही पाटी मिळाली. 'आंबा घ्या. खा.' एवढंच त्याने लिहिलं होतं. शालिनीने आंबा सालीसकट चावला, तेव्हा त्याने "शी! असं नाही!" म्हणून तिच्या हातातून तो ओढून घेतला आणि तिच्या मांडीवर बसून स्वतःच खाऊन टाकला. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, एवढ्याशा पोरांना कशाला हे? शुद्धलेखन घाल की." ती म्हणाली, "विमल, वाचणाऱ्याच्या शेजारी आपण सांगायला उभे नसतो. नसलो तरी त्याचं अडता कामा नये. तेवढं त्यांना जमलं की झालं." त्या वेळी हे मी फार मनावर घेतलं नाही. एका हौशी बाईचं बोलणं, एवढंच वाटलं.

कुंदा आठ वर्षांची असेल, तेव्हा शालिनीला संध्याकाळचा ताप येऊ लागला. आधी आम्ही हिवताप समजलो. डोंबिवलीत तेव्हा घरोघरी हिवतापच असायचा. मग खोकला धरला आणि एक दिवस विहिरीवर धुणं धुताना ती एकाएकी खाली बसली. तिच्या पदराला रक्त होतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि गोविंदरावांना बाहेर बोलावून सांगितलं. मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही, भांडी वेगळी, अंथरूण वेगळं. घाटावरच्या सॅनिटोरियममध्ये खाट मिळेल तेव्हा पाठवू. खाट मिळायला कित्येक महिने लागले. तोवर त्यांच्या बिऱ्हाडाची मागची खोली, जिथे लाकडं आणि कोळसे असायचे, ती रिकामी करून शालिनीची खाट तिथे टाकली.

त्या महिन्यांतलं शिकवणं मी जन्मात विसरणार नाही. शालिनी खाटेवर उशीला टेकून, कुंदा दाराबाहेर पाटी घेऊन. आता खेळ नव्हता. "शेगडी कशी पेटवावी, लिही." कुंदा लिही आणि मोठ्याने वाची. "वारा कुठून घालशील? पदर... तुझा परकर कुठे असेल? मग ते लिहायला नको का?" भात, वरण, बाळूची आंघोळ, रॉकेल सांडलं तर काय, बाळूला ताप आला तर काय, बाबांना यायला उशीर झाला तर कुणाकडे जायचं. मी स्वयंपाकाला जातच होते, पण शालिनी म्हणे, "तुझ्यावर किती दिवस? तुझ्या यजमानांची बदली झाली म्हणजे?" खोकल्याची उबळ आली की ती भिंतीकडे तोंड करी, आणि कुंदा पाटी छातीशी धरून वाट पाही. उबळ थांबली की शालिनी विचारी, "हं... कुठवर आलो होतो?" पाठकोऱ्या कागदांवर कुंदाच्या अक्षरातल्या त्या सगळ्या कृती स्वयंपाकघराच्या भिंतीवर खळीने चिकटवलेल्या होत्या. आठ वर्षांची ती पोर त्यांच्याकडे मान वर करून पाहत भाताचं आधण ठेवी. भात बरा होई. खरं सांगायचं तर चांगलाच होई.

बाळूचं मात्र काही चालेना. तो पाच वर्षांचाही नव्हता. कुणाचं लक्ष नसलं की धावत जाऊन आईच्या पांघरुणात शिरे. दोनदा असं झालं. दुसऱ्या वेळी शालिनीने त्याला अक्षरशः ढकलून दिलं आणि तो उंबऱ्यावर पडला, कपाळाला खोक पडली. त्याला उचलायलाही तिला येता येईना. मीच धावले. त्या दुपारी तिने कुंदाला हाक मारली आणि म्हणाली, "आज नवीन लिहायचंय. आईला कसे भेटावे." मी आतल्या खोलीत बाळूच्या कपाळाला हळद लावत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

कुंदाने लिहिलं, 'आईकडे जावे.'

"कुठपर्यंत?"

"...उंबरठ्यापर्यंत."

"मग ते लिही. तिथे काय करायचं?"

"उभं राहायचं. बोलायचं. मग हात धुवायचे."

"बाळूचा हात कुणी धरायचा?"

"मी."

मग शालिनी म्हणाली, "आणि मी हात पुढे केला तर?"

कुंदा पाटीचा कोपरा बोटाने पुसत राहिली.

"कुंदे, मी कधीतरी करीन. तापात माणसाला भान नसतं. मग तू काय करशील?"

पाटीवर पेन्सिलीचा आवाज आला. "वाच," शालिनी म्हणाली. कुंदाने वाचलं, 'आईने हात पुढे केला तरी जवळ जाऊ नये.'

"शाब्बास," शालिनी म्हणाली. "आता हे कागदावर उतर आणि दाराला लाव. बाळूकडून रोज वाचून घ्यायचं."

बाळू त्या कागदावरच वाचायला शिकला. सकाळी दात घासून झाले की कुंदा त्याला दारासमोर उभा करी आणि तो एकेका अक्षरावर बोट ठेवून सगळं म्हणे. आत शालिनी ऐकत असे, आणि एखादा शब्द चुकला तर दुरुस्त करत असे.

मग खाट मिळाली आणि ती घाटावर गेली. तीन वर्षांच्या आसपास तिथे होती. त्या सुमारास क्षयावरची नवी इंजेक्शनं आपल्याकडे येऊ लागली होती. ती तिला मिळाली. एका बाजूच्या फासळ्या काढून टाकण्याची शस्त्रक्रियाही झाली. गोविंदराव सवड मिळेल तसे भेटून येत. मुलांना नेत नसत. माझ्या यजमानांची खरोखरच ठाण्याला बदली झाली, पण आठवड्यातून एकदा तरी मी डोंबिवलीला जात असे, आणि दर वेळी थक्क होऊन परत येत असे. कुंदा घर चालवत होती. बाळूची शाळा, बाबांचा डबा, दळण, धुणं... सगळं जिथल्या तिथे. तिच्या मास्तरांनी गोविंदरावांना सांगितलं होतं की अशी मुद्देसूद लिहिणारी मुलगी वर्गात दुसरी नाही. ती खेळायला जाताना मात्र मी कधी पाहिली नाही.

शालिनी बरी होऊन आली तो दिवस. चाळीने तिच्यासाठी काही केलं नव्हतं, पण मी दाराला तोरण बांधलं होतं. एक खांदा खाली झुकलेला, केस पांढरे व्हायला लागलेले. पण चेहऱ्यावर रंग होता, आवाज खणखणीत होता. ठाण्याचे डॉक्टर मुद्दाम आले होते. त्यांनी मुलांना समोर बसवून सांगितलं, "तुमची आई आता बरी आहे. जंतू नाहीत. तिच्याजवळ बसा, तिच्या हातचं जेवा, काही होणार नाही." कुंदाने मान डोलावली. तिला समजलं होतं, यात शंकाच नाही. शालिनी मागच्या खोलीकडे गेली, दारावरचा पिवळा पडलेला कागद तिने नखांनी ओरबाडून काढला आणि मागे वळून हसत दोन्ही हात पुढे केले. मुलं उंबऱ्याशी थांबली. कुंदाने बाळूचा हात धरला होता. बाळू म्हणाला, "तुम्ही बऱ्या झालात का?"

तो तिला 'तुम्ही' म्हणाला. आपल्यात आईला कोण तुम्ही म्हणतं?

"हळूहळू होईल," मी तिला म्हटलं. तिलाही तसंच वाटत होतं. आठ-पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा ती मला म्हणाली, "आज गंमत बघ हं. मी त्यांना त्यांच्याच वाटेने आणणार आहे." तिने कुंदाला पाटी दिली, म्हणजे पाटी जमिनीवर ठेवली आणि कुंदाने ती उचलली. "लिही, आईजवळ कसे यावे." कुंदा आता बारा वर्षांची होती. तिने मुकाट्याने, सुंदर अक्षरात लिहिलं. उंबरठा ओलांडावा. खाटेजवळ जावे. आईच्या शेजारी बसावे. तिच्या खांद्यावर डोके ठेवावे. एकही गोष्ट राहिली नव्हती. कोणता खांदा, तेसुद्धा लिहिलं होतं, कारण एका बाजूला शस्त्रक्रियेचं दुखत असे. शालिनीने वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. "किती छान लिहिलंस गं. आता कर."

कुंदा आत आली. चालत आली, खाटेवर बसली, डोकं टेकवलं. शालिनीने तिच्या केसांवरून हात फिरवायला घेतला तोच ती ताडकन उठली आणि धावत बाहेर गेली. परसातल्या तुळशीपाशी जाऊन ओणवी झाली आणि मोठमोठ्याने श्वास घेऊ लागली. मला वाटलं रडतेय. मी पाहायला निघाले तर शालिनीने माझं मनगट धरलं. "जाऊ दे. ती रडत नाहीये," ती म्हणाली. "ती श्वास धरून आली होती, विमल. सबंध वेळ श्वास धरून होती."

त्यानंतर तिने मुलांना काही लिहायला सांगितलं नाही.

गोविंदराव वाईट नव्हते. औषध, दूध, फळं, कशात कमी केलं नाही. पण त्यांचं अंथरूण पुढच्या खोलीतच राहिलं, आणि शालिनीचं ताट-वाटी वेगळीच राहिली. "मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, विमलताई," ते मला म्हणाले. "डॉक्टर म्हणतात खरं, पण उद्या काही झालं तर?" चैत्रातल्या हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. तिने चाळीतल्या लहान मुलांना दुपारी शिकवायचं ठरवलं. फी नको, नुसती पाठवा म्हणाली. तीन मुलं आली. एक दिवस त्यांच्याकडून तिने राखी कशी करावी ते लिहून घेतलं, आणि त्यांनी लिहिल्याप्रमाणे एक वेडीवाकडी राखी करून मुलांना दाखवली. मुलं खूप हसली म्हणे. दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. एकीच्या मुलाला पडसं झालं होतं, तेवढं पुरलं.

ती पुढे पुढे मागच्या खोलीतून बाहेर येईनाशी झाली. कुणी तिला कोंडलं नव्हतं. स्वयंपाकघरात गेली तर कुंदा हातातलं काम ठेवून बाजूला उभी राही, तिचं होईपर्यंत थांबे आणि मग तिने हात लावलेलं भांडं उकळत्या पाण्याने धुऊन घेई. त्यात राग नव्हता, तिरस्कार नव्हता... असता तर भांडता तरी आलं असतं. शालिनी एकदा मला म्हणाली, "तिने एकही पायरी चुकवलेली नाही गं. मी काय म्हणून रागवू?" मी तिला जवळ घेतलं की ती अंग चोरायची. तिलाही सवय राहिली नव्हती.

अशीच तीन-चार वर्षं गेली. शेवटच्या दुखण्यात कुंदाने तिची शुश्रूषा केली, ती एखाद्या नर्सने करावी तशी. वेळेवर औषध, वेळेवर शेक, नाका-तोंडाला फडकं बांधलेलं. मी चार दिवस आधी भेटून आले तेव्हा शालिनीला बोलवत नव्हतं. तिचा हात खाटेच्या काठावरून सारखा बाहेर येत होता. कुंदा तो उचलून पांघरुणात नीट ठेवत होती आणि मग हात धुवायला जात होती.

मी त्या दिवशी पोचले तेव्हा पडवीत पुरुष माणसं बसली होती. बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या. आत एकटीच होती, मानपाड्याहून भाजी घेऊन येणारी म्हातारी. ती रोजच्यासारखी टोपली घेऊन आली आणि बातमी कळताच टोपली ठेवून आत शिरली होती. "बाय, एकलीला नाय जमणार तुला. मी धरतंय, तू पानी घाल," ती म्हणाली. आम्ही दोघींनी शालिनीला आंघोळ घातली. पाठीवरची ती लांब खूण मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. हिरवं पातळ नेसवलं, केस विंचरले. सवाष्ण गेली होती, लेकीने कुंकू लावावं म्हणून मी कुंदाला हाक मारली.

कुंदा आली आणि उंबऱ्याशी थांबली. पंधरा-सोळा वर्षांची, उंच, आईसारखीच कपाळाची. हातात कुंकवाची कोयरी होती. तिने शालिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "मावशी, आता जवळ गेलं तर चालेल?"

"चालेल गं, बाळ," मी म्हटलं. "ये."

ती आली, खाली बसली. तिने बोटाने कुंकू लावलं. मग ते बोट कपाळावरून उचललंच नाही. गालावर आलं, कानाच्या पाळीवर, मानेवर... जणू ती काही शोधत होती. "गार आहे," ती म्हणाली. एवढंच. बाहेरून पुरुषांनी घाई केली तेव्हा म्हातारीनेच तिला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

परवा मी डोंबिवलीला गेले होते. महिना होऊन गेला आता. गोविंदरावांनी मागच्या खोलीला चुना दिला आहे, गादी-उशी जाळली आहे. नुसती खाट तेवढी ठेवली आहे. दारातच मला गाठून म्हणाले, "विमलताई, तुम्ही तरी तिला सांगा. शाळेतून आली की तिथे जाऊन पडते. तिला बोलवायला गेलं की म्हणते, 'जरा थांबा.' हे बरं का?"

मी आत गेले. दुपार कलली होती. कुंदा उघड्या नवारीवर कुशीला झोपली होती, पाय पोटाशी घेऊन, भिंतीच्या बाजूला. आणखी एक माणूस मावेल एवढी जागा तिने अलीकडे सोडली होती. खोलीला चुन्याचा आणि फिनेलचा वास होता. ती तोंड उघडं टाकून, खोल खोल श्वास घेत झोपली होती. काय सांगणार होते मी तिला? मी त्या सोडलेल्या जागेवर जरा वेळ बसले. तिन्हीसांजेला ती उठली, तेव्हा तिच्या गालावर नवारीच्या पट्ट्यांचे लाल वळ उमटले होते. "मावशी, केव्हा आलीस? चहा टाकते," ती म्हणाली आणि पदर खोचून स्वयंपाकघरात गेली.